बावन्न मिलिमीटर

पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलून मी आतली बाटली बाहेर काढली, तेव्हा ती हाताला जड लागली.

"नसीम," मी म्हटलं, "पाणी आहे."

नसीम मुलाणी कुंपणाच्या फाटकात शेळीचं दावं धरून उभी होती. तिची शेळी रोज तिच्यामागे शाळेत येई आणि कुंपणाभोवती काही खाण्यासारखं आहे का ते बघून जाई.

"कुठलं पाणी?"

"पावसाचं."

तिनं मान वर करून आभाळ पाहिलं. मग चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. फुफाटा उडाला.

"भुई ठणठणीत कोरडी हाय, वैजू."

"भुई मोजायची नाही. मापक मोजायचं."

हे वाक्य लोखंडे सरांचं होतं. ते आम्हाला नववीला विज्ञान शिकवत. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या शाळेला हवामानाची साधनं दिली, तेव्हा सरांनी शाळेमागच्या माळावर सिमेंटचा ओटा बांधून घेतला, भोवती लाकडी पट्ट्यांचं कुंपण केलं आणि त्याला आम्हा मुलांकडून चुना लावून घेतला. मधोमध पर्जन्यमापक. पांढरं, गोल, गुडघ्याएवढं नळकांडं, तोंडाला पितळी कडा, आत उतरतं नरसाळं आणि तळाशी एक छिद्र. सर सांगत, "जे दिसेल ते लिहायचं. वाटेल ते लिहायचं असेल तर मराठीच्या तासाला लिहा." त्या आठवड्यात सर साताऱ्याला दाढ काढायला गेले होते आणि नोंदीचं काम नसीमवर आणि माझ्यावर होतं.

काटजाईवाडीत हे काम म्हणजे विश्रांतीच असे. आमचं गाव डोंगराच्या चुकीच्या बाजूला आहे. ढग आमच्यावरून विनाथांबा गाडीसारखे जात. श्रावण लागला होता तरी उन्हाळ्यात सुरू झालेला पाण्याचा टँकर अजून येत होता, आणि आमच्या फळ्यावर रोज सकाळी एकच आकडा लिहिला जाई, शून्य. तो शून्यही आम्ही नीट मोजून लिहीत होतो.

मी बाटलीतलं पाणी वीस मिलिमीटरच्या मोजपात्रात ओतलं. ते एकदा भरलं. ओतून दिलं. पुन्हा भरलं. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा बारापर्यंत आलं. मी गुडघ्यावर बसून, डोळा पाण्याच्या रेषेला आणून, दोनदा पाहिलं.

"बावन्न," मी म्हणाले.

"बावन्न मिलिमीटर पाऊस," नसीम म्हणाली, "आन माझी शेळी कोरडी."

"शेळी रात्री कुठे होती?"

"गोठ्यात."

"मग?"

"मग काय मग? माझा बाप अंगणात झोपला हुता. त्योबी कोरडा हाय."

मी फळ्यावर बावन्न लिहिलं आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे खाली रेघ ओढली. दुसरं काय लिहायचं होतं? शून्य लिहावं तर बाटलीत पाणी होतं. दहा-वीस लिहावं तर ते कुठून आणायचे? मला आजही असं वाटतं की त्या सकाळी बावन्न हाच एक आकडा प्रामाणिक होता.

आमची नोंद चिठ्ठीवर लिहून मुक्कामाच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि त्यानं ती तालुक्याला कचेरीत पोचवायची, अशी पद्धत होती. घाटाच्या या अंगाला दुसरं पर्जन्यमापक नव्हतं, त्यामुळे कचेरीला आमच्या चिठ्ठीचं महत्त्व. कंडक्टर चिठ्ठी कधी उघडत नसे. घडी खिशात टाकताना नुसतं म्हणे, "शून्य ना?" आणि आम्ही हो म्हणत असू.

"शून्य ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं चिठ्ठी उघडली. वाचली. मग वळून आपल्या गाडीच्या टपाकडे पाहिलं. त्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ होती.

"पोरी, ही गाडी रातभर हितंच उभी हुती."

"हो."

"मग ही भिजली कशी न्हाई?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी गाडी मोजत नाही."

त्यानं ड्रायव्हरला चिठ्ठी दाखवली. दोघं थोडा वेळ हसले. गाडी सुटली. तो सोमवार होता.

मंगळवारी टँकर आला नाही. टँकर कधी कधी पंक्चर होई, म्हणून त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. बुधवारीही आला नाही, तेव्हा सरपंच यशवंतनाना तालुक्याला गेले आणि दुपारी घामाघूम होऊन परतले. कचेरीतल्या कारकुनानं त्यांच्यापुढे आमची चिठ्ठी ठेवली होती. म्हणाला होता, नाना, एवढा पाऊस झाल्यावर टँकर कशाला, तुम्हाला होडी पाठवायला पाहिजे. आमचा टँकर पलीकडच्या वाडीला वळवला गेला होता.

नानांनी आल्या आल्या शाळेचा फळा पुसला आणि स्वतःच्या हातानं शून्य लिहिलं. मी तो पुसून पुन्हा सोमवारचा आकडा लिहिला. त्यांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली. हेडमास्तरांनी फळाच उचलून ऑफिसात ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी आमच्या दारात बायका जमल्या. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी घागर. रिकाम्या घागरी एकमेकींना लागून वाजत होत्या, आणि तो आवाज बोलण्यापेक्षा वाईट होता. आई उंबऱ्यात उभी राहिली. ती एरवी मला फार बोलायची, पण बाहेरच्यांपुढे नाही.

"माझ्या पोरीनं पाऊस पाडला न्हाई," ती म्हणाली. "नुस्ता लिवला."

"ल्ह्यायला दुसरं काय गावलं न्हाई व्हय तिला?" कुणीतरी म्हणालं.

मग गर्दीतून अनसाकाकी पुढे आल्या. त्या आमच्या शेजारीण. उंच, रुंद, आणि पाणवठ्यावर नंबर लावायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. त्या बोलू लागल्या की गावात दुसरं कुणी बोलत नसे, आणि सोमवारपासून तर त्या एकाच विषयावर बोलत होत्या. माझ्या कानावर तो तोवर आला नव्हता, कारण मी शाळेत त्या पाण्याचा विचार करत बसले होते.

"अगं माझ्या रत्नानं सोमवारी महादेवाला पाणी घातलं," काकी म्हणाल्या. "टँकरच्या पाण्यातला तांब्या. आम्ही आंघोळी केल्या न्हाईत, पर देवाचा तांब्या ठेवला. आन देवानं काय करावं? समदं पिलं. एक थेंब खाली येऊ दिला न्हाई. माझ्या जन्मात मी असं ऐकलं न्हवतं. हितं देवाला एवढी तहान लागलीया, आन ही पोरगी म्हणती बावन्न."

बायकांनी च्... च्... केलं. सगळ्यांना ठाऊक होतं, पिंडीवर घातलेलं पाणी पन्हळीतून वाहून जातं. पिऊन टाकणारा देव निराळाच.

मी गर्दीच्या कडेला उभ्या नसीमकडे पाहिलं. नसीमनं माझ्याकडे पाहिलं. तिनं हळूच हातानं एक गोल काढून दाखवला आणि त्याच्या मधोमध बोटानं भोक पाडलं.

शाळेमागच्या माळावर खरा महादेव आहे. आमच्या पर्जन्यमापकापासून हाकेच्या अंतरावर, धनगरांनी रचलेल्या काट्यांच्या कुंपणात, उघड्यावर. पिंडी काळी, बसकी. गावातल्या कुणालाही ती डोळे मिटून सापडली असती. पण काकींची सून रत्नमाला वैशाखात लग्न होऊन आलेली होती.

मी तिला त्याच संध्याकाळी काकींच्या गोठ्यात गाठलं. ती शेण भरत होती. माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी, पण मी नवऱ्याच्या भावकीतली म्हणून मला "वन्सं" म्हणायची. मला कुणी वन्सं म्हटलं की मी उगाच ताठ उभी राही.

"वहिनी, तुम्ही सोमवारी कुठल्या कुंपणात गेला होता?"

"देवाच्या."

"ते काट्यांचं होतं की पांढरं?"

ती थांबली. "पांढरं," ती म्हणाली. "चुना लावल्यालं. आत्याबाई म्हणाल्या, साळंच्या मागं कुंपणात हाय. तांबडंबी फुटलं न्हवतं, वन्सं. डोईवरचा पदर हितपातुर. मी अजून ह्या गावात वर बघून चालल्याली न्हाई. मला हितल्या मानसांपरीस हितल्या वाटा जास्त वळखीच्या."

"आणि देव कसा होता?"

"पांढरा. गोल. पितळंची कड हुती. मला वाटलं, मोठं गाव हाय, देवाला पितळ लावलं आसंल." आणि मग तिचा आवाज खाली आला. "मी पाणी घातलं तर हळूहळू समदं आत गेलं. मी वाकून बघितलं. मी एक फूलबी ठेवलं हुतं पायथ्याला."

"ते शेळीनं खाल्लं असणार," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिथेच ती शेणाच्या पाटीवर बसली.

मी तिला समजावून सांगितलं की यात तिची काही चूक नाही, मापकाचं तोंड पिंडीइतकंच रुंद आहे, आणि तिचा तांब्या लिटरभराहून थोडा मोठा असला पाहिजे. तिला या माहितीचा उपयोग झाला नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "आत्याबाईंनी मला वैशाखापास्नं नावानं हाक मारली न्हवती. ए म्हणायच्या. न्हाईतर अगं. भाकरी जाड झाली, ए. झाडलोट राहिली, ए. सोमवारी मी घरी येऊन सांगितलं, देव पाणी पिला. तवापास्नं रत्ना म्हणत्यात. पाणवठ्यावर चार बायकांत म्हणत्यात, माझी रत्ना." तिनं हाताचं शेण पाटीच्या काठाला पुसलं. "आता हे कळलं तर साऱ्या गावात त्यांचं हसं व्हईल. आन टँकर माझ्यापायी गेला म्हणतील. मला म्हायेरी धाडतील त्या."

मी तिला म्हटलं की मी आपण होऊन कुणाला सांगणार नाही. पण मला कुणी सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.

"न्हाई म्हणजे?"

"येत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. माझे कान लाल होतात.

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग कुणी विचारू न्हाई म्हणून देवाला पाणी घालू का?"

आम्हाला दोघींनाही हसू आलं, पण ते नीट बाहेर पडलं नाही.

रात्रीच्या गाडीनं लोखंडे सर परतले. दाढ निघाली होती आणि एक गाल दुधी भोपळ्यासारखा सुजला होता. तोंड उघडायला मनाई होती. मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी बोटांनी विचारलं, मोजलंस? मी हो म्हटलं. दोनदा? दोनदा. सरांनी मान हलवली, म्हणजे मग बरोबर आहे. मग खडूनं पाटीवर लिहिलं, "आता पाणी कुठून आलं ते सिद्ध कर." मी म्हटलं, मला माहीत आहे, पण सांगता येत नाही. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "सिद्ध कर" या शब्दांखाली रेघ ओढली.

गुरुवारी दुपारी नायब तहसीलदार जीपमधून आले. नानांनी त्यांना आधी विहिरी दाखवल्या, मग ओढा दाखवला, मग ओढ्यात क्रिकेट खेळणारी मुलं दाखवली. साहेब शांत, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि म्हणाले की गाव कोरडं आहे हे त्यांना दिसतंय, पण कचेरीत बावन्न मिलिमीटर लेखी आलेलं आहे, आणि लेखी आलेलं डोळ्यांनी खोडता येत नाही. पाऊस पडला नाही याचा पुरावा द्या.

नाना म्हणाले, "साहेब, न पडल्याल्या पावसाचा पुरावा कुठनं आनू?"

साहेबांनाही ते कळत होतं. म्हणून सगळे शाळेमागे आले. सगळे म्हणजे गावच. सर कुंपणाजवळ गालाला उपरणं बांधून उभे होते. त्यांनी मला पुढे ढकललं.

"ही नोंद तू केलीस?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"पाऊस पडला होता?"

"पाऊस पडलेला मी पाहिला नाही. मापकात बावन्न मिलिमीटर पाणी होतं."

"मग ते आलं कुठून?"

"कुणीतरी वरून ओतलं, साहेब. तांब्याभर."

लोक हसले. साहेबही हसले. बावन्न मिलिमीटर म्हणजे नदी-नाले भरून वाहतात, ते म्हणाले, एवढा पाऊस एका तांब्यात मावतो होय? मी म्हटलं, मापकाच्या तोंडावर पडेल तेवढाच मावतो. साहेबांना पटलं नाही. ते म्हणाले, "आणा बरं तांब्या. भरून आणा."

कुणी हललं नाही. टँकर बंद होऊन तीन दिवस झाले होते. त्या गर्दीत तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायला देईल असा माणूस नव्हता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आसं काय बघताय?" अनसाकाकींचा आवाज आला. "गावाची अब्रू हाय का न्हाई? रत्ना, जा, आपला तांब्या भरून आण."

रत्नावहिनी गेली आणि आली. दोन्ही हातांत तांब्या, पदर कपाळापर्यंत, आणि तांब्या असा काठोकाठ भरलेला की येईपर्यंत वाटेवर ओल्या थेंबांची एक रेघ उठली. तांब्यावर काकींच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं. मी तो घेतला आणि मापकात ओतला.

गावातल्या बहुतेकांनी पर्जन्यमापक इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पाणी नरसाळ्यात गोल फिरलं, मधल्या छिद्राकडे सरकलं आणि हळूहळू, सगळंच्या सगळं, आत गेलं. बाहेर एक थेंब आला नाही.

मागून एक म्हातारा सहज म्हणाला, "पिऊन टाकलं की."

मी बाटली काढून मोजू लागले. एकेका बाईची मान अनसाकाकींकडे वळत होती.

"वीस," मी मोठ्यानं म्हटलं. "वीस. आणि अकरा. एकावन्न."

"बावन्न कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"एक मिलिमीटर वाटेत सांडला, साहेब," नसीम म्हणाली आणि वाटेवरच्या थेंबांकडे बोट दाखवलं.

साहेब खाली वाकले. त्यांनी थेंब पाहिले, मोजपात्र पाहिलं, तांब्या पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. पटलं होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"ठीक आहे. आता जबाब लागेल. पाणी कोणी ओतलं होतं?"

प्रश्न मला होता. सरळ होता. माझे कान तापू लागले. कुंपणापलीकडे रत्नावहिनीच्या पदराखालून फक्त तिची हनुवटी दिसत होती.

"ते मापकातून कळत नाही, साहेब," मी म्हणाले.

सरांनी सुजलेल्या गालातून एक आवाज काढला. ते हसले की त्यांना कळ आली, हे मला कधीच समजलं नाही.

"पण तुला माहीत आहे?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही, कारण त्याच क्षणी वहिनीनं पदर मागे सारला आणि एक पाऊल पुढे टाकलं. गावानं तिचा चेहरा बहुधा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

"ए," अनसाकाकी म्हणाल्या.

वहिनी जागच्या जागी थांबली.

काकी पुढे आल्या. कुंपणाचं फाटक त्यांना अरुंद पडत होतं, म्हणून त्या तिरक्या होऊन आत शिरल्या. त्यांनी पर्जन्यमापकाभोवती एक फेरी मारली. पितळी कडेवरून बोट फिरवलं. वाकून छिद्रात पाहिलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"मी घातलं," त्या म्हणाल्या. "लिवा. अनसाबाई."

"तुम्ही स्वतः ओतलंत?"

"हात कुणाचा का आसंना. सांगणारी मी. साळंच्या मागं कुंपणात जा म्हणले. दोन कुंपणं हायती हे सांगायचं मी इसरले. मान्साला नीट वाट सांगितली न्हाई तर चूक सांगणाऱ्याची, चालणाऱ्याची न्हवं." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. ज्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या त्यांनी पदर काढले. "आन ह्या मास्तरानं देवाशेजारी देवासारखं मांडून ठिवलंय, त्याचाबी जबाब घ्या."

सरांनी गाल धरून मान खाली घातली.

साहेब लिहू लागले. "कारण काय लिहू? पाणी कशासाठी ओतलं?"

"कशासाठी म्हंजी? पाऊस पडावा म्हनून."

"आणि पडला का?"

"तुमच्या कागदावर पडला की," काकी म्हणाल्या. "बावन्न."

आता मात्र सगळं गाव हसलं, आणि साहेब सगळ्यात जास्त. हसणं काकींच्या विरुद्ध जाईल की काय अशी मला भीती वाटली होती, पण ते कचेरीकडे वळलं होतं. नाना म्हणाले, महादेव पावला, पण तहसीलदाराला. हे वाक्य ते पुढे कित्येक वर्षं सभेत वापरत.

नोंद खोडता येत नाही, शेरा मारता येतो, असं साहेबांनी सांगितलं. त्यांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा लिहिला: सदर पाऊस मानवी हस्ते. काकींनी अंगठा उमटवला. शुक्रवारी टँकर आला.

मी पुढे भौतिकशास्त्र शिकले आणि पावसाच्या नोंदी तपासण्याच्या कामाला लागले. काही वर्षांपूर्वी जुने कागद संगणकात चढवले गेले, तेव्हा आकडे चढले आणि शेरे राहून गेले. त्यामुळे काटजाईवाडीला एका कोरड्या श्रावणात, आजूबाजूला ढगाचा पत्ता नसताना, एका दिवसात बावन्न मिलिमीटर पाऊस पडल्याचं दिसू लागलं. आमच्याकडच्या एका हुशार मुलाला त्यावर निबंध लिहायचा होता. अतिस्थानिक घटना आहे, मॅडम, तो म्हणाला. मी म्हटलं, फारच. मी तो आकडा हिशेबातून काढला. काढण्याचं कारण निवडायचं असतं. गळती, बाष्पीभवन, जनावरांचा उपद्रव, निरीक्षकाची चूक. यातलं कुठलंच नव्हतं. मी "इतर" निवडलं.

पण त्या गोष्टीत नेमकं काय घडलं ते मला तेव्हा गुरुवारीही कळलं नव्हतं. ते पुढच्या सोमवारी कळलं.

त्या सकाळी नसीम आणि मी मापक वाचायला गेलो. कुंपणाला सरांनी हिरवा रंग लावून घेतला होता आणि फाटकावर पाटी होती, येथे देव नाही. बाटलीत काही नव्हतं. मी शून्य लिहीत होते, तेवढ्यात खालच्या वाटेनं अनसाकाकी येताना दिसल्या. मागून रत्नावहिनी, हातात तांब्या. गुरुवारपासून त्या घरातून ना भांडणाचा आवाज आला होता ना बोलण्याचा. आई म्हणायची, काकी गप्प आहेत म्हणजे काही खरं नाही.

दोघी आमच्या कुंपणाजवळून गेल्या. काकींनी पाटीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी नाक मुरडलं. त्या काट्यांच्या कुंपणाशी गेल्या आणि वहिनीला हातानं धरून आत नेलं, जसं लहान मुलाला रस्ता ओलांडताना नेतात. आम्हीही मागे गेलो. नसीमची शेळीही आली.

वहिनीनं पदर सावरला आणि पिंडीवर पाणी घातलं. ते काळ्या दगडावरून ओघळलं, पन्हळीतून बाहेर पडलं आणि फुफाट्यात शिरलं. शेळीनं पुढे होऊन त्यात तोंड घातलं.

काकी कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत होत्या. पिंडीकडे, ओल्या मातीकडे, मग वळून आमच्या मापकाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं तसा राग नव्हता. एखादी वस्तू बाजारात महाग घेतली आणि घरी आल्यावर साधीच निघाली, तसं काहीतरी होतं.

"रत्ना," त्या म्हणाल्या, "ह्यो काय पीत न्हाई गं."